‘तळं बुजवा, लागलं तर पुन्हा खोदू’ म्हणणाऱ्यांना

भावकीच्या ग्रुपवर महिनाभर एक मेसेज फिरतोय. काल तो आमच्या थोरल्या चुलत्यांनी, अण्णांनी, मलाच पाठवला आणि वर लिहिलं, ‘ग्रामसभेत मांडतो.’ मेसेज थोडक्यात असा: गावतळं म्हणजे पडीक जागा. त्यात डास होतात, उन्हाळ्यात पाणी उडून जातं, आणि आता शेततळी आहेतच. म्हणून तळं बुजवून गाळे काढा, पंचायतीला भाडं येईल. गरज पडलीच तर जेसीबी लावून पुन्हा खोदू.

शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण सगळ्यात घातक तेच आहे. जगभरातल्या 621 पाणथळ जागा, ज्या पुन्हा उभ्या केल्या किंवा नव्याने तयार केल्या, त्यांची माहिती एकत्र करून केलेला अभ्यास 2012 साली ‘प्लॉस बायोलॉजी’ या नियतकालिकात आला. शंभर वर्षं उलटल्यावरही या जागा मूळ पाणथळींच्या बरोबरीला आल्या नव्हत्या. वनस्पती आणि जिवांची घडण सरासरी 26 टक्के कमी, आणि मातीत कार्बन धरून ठेवण्यासारखी कामं 23 टक्के कमी. उष्ण प्रदेशात जागा लवकर सावरतात, हेही त्यात आहे, ते मान्य. पण लहान आणि वाहत्या पाण्याशी न जोडलेल्या जागा मागे पडतात, हेही त्यातच आहे. आपलं तळं नेमकं तसलं.

काठाला लव्हाळा आणि पाणकणीस आहे, तिथे पाय टाकून बघा. घोट्याच्या वर काळा, वास मारणारा चिखल लागतो. त्याच्या आत हवा पोचत नाही, म्हणूनच तिथले जिवाणू शेतातून वाहून आलेल्या युरियाचं नायट्रेट तोडून त्याचा नायट्रोजन वायू करतात. तेवढं कमी नायट्रेट विहिरीत उतरतं. हा चिखल पिढ्यान्‌पिढ्या साचलेला आहे. त्यावर राडारोडा टाकून रोलर फिरवला की ते काम संपलं. पुढे जेसीबीने खड्डा काढालही, पण त्यात पाणी कुठून आणणार? तोवर तळ्याकडे येणाऱ्या ओहोळावर प्लॉट पडलेले असतील आणि ओहोळ मोकळा करा म्हटलं की प्लॉटवाला कोर्टात जाईल.

शेततळ्याचा दाखला तर वाचवत नाही. शेततळ्यात प्लास्टिक अंथरतात ते पाणी मुरू नये म्हणूनच. कितीतरी शेततळी बोअरच्या पाण्याने भरतात, म्हणजे जमिनीखाली जपलेलं पाणी उपसून उन्हात ठेवायचं. त्यावर एकाची मोसंबी जगते आणि शेजाऱ्याची विहीर खाली जाते. गावतळ्याचं पाणी मुरमातून, कातळाच्या भेगांतून खालच्या विहिरींना जातं, मग विहीर कुणाचीही असो. अण्णा, तुमची विहीर बांधाच्या खालीच आहे. मार्चमध्ये तिला परसभर पाणी कशामुळे राहतं?

पाणी उडून जातं, हे अर्धं खरं आहे. एप्रिल-मेमध्ये उथळ तळं झपाट्याने आटतं. पण पावसाळ्यापासून थंडीपर्यंत जे मुरलं ते उन्हाच्या हाती लागत नाही. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या मराठवाड्यात आपण मुरायच्या जागा बुजवायला निघालोय.

डासांचं म्हणाल तर डेंग्यूचा डास घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो: रांजण, टाकी, कूलर, पडलेला टायर. तळ्यात सांडपाणी सोडलं तर दुसरे डास होतात, हे खरं. मग गटार वळवा आणि तळ्यात गप्पी मासे सोडा.

मेसेजमध्ये पुराचा शब्दही नाही. 2025 च्या सप्टेंबरात धाराशिव, बीडमधल्या किती गावांत पाणी घुसलं ते सगळ्यांनी पाहिलं. वरून येणारा लोंढा थोडा वेळ अडवून धरायला गावात ही एक जागा आहे आणि तिथेच गाळे बांधायचे म्हणताय.

आणि भाड्याचा हिशेब मांडण्याआधी सर्वोच्च न्यायालयाचा 28 जानेवारी 2011 चा जगपाल सिंग खटल्यातला निकाल वाचा. तोही गावतळं बुजवून केलेल्या बांधकामाचाच होता. न्यायालयाने अतिक्रमण कायम करायला नकार दिला आणि गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याच्या योजना करा, असं सगळ्या राज्यांना सांगितलं.

ठराव मांडायचाच असेल तर ओहोळ मोकळा करण्याचा आणि सांडवा दुरुस्त करण्याचा मांडा, अण्णा. सूचक म्हणून माझं नाव घाला.