एक पॉइंट वीस, म्हणे!

दशांश चिन्हानंतरच्या शेवटच्या शून्याला किंमत नसते, हे आमच्या घरातलं वेदवाक्य. सौभाग्यवती शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे ते मोडायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. ती माइनक्राफ्ट या संगणकावरच्या खेळाची झाली.

चिरंजीवांना दिवाळीच्या सुट्टीत सांगलीच्या आतेभावाबरोबर एकाच दुनियेत खेळायचं होतं. इकडे लॅपटॉप, तिकडे लॅपटॉप, मध्ये स्पीकरवर टाकलेला फोन, आणि आतेभावाच्या पडद्यावर ‘आउटडेटेड क्लायंट’, म्हणजे तुझ्याकडची खेळाची आवृत्ती जुनी.

"तुझं व्हर्जन कुठलं?"

"वन पॉइंट एट पॉइंट नाइन. तुझं?"

"वन पॉइंट ट्वेंटी."

"मग तूच जुना की रे," स्वयंपाकघरातून निकाल आला. "त्याचं एक पूर्णांक आठ, तुझं एक पूर्णांक दोन. आणि त्याला सांग, एका संख्येत दोन दशांश चिन्हं नसतात."

"आई, माझं नवीन आहे! वीस मोठे की आठ?"

"शून्याला किंमत नसते!"

फोनवर सांगली गप्प. आमच्या बहिणीने भाच्याला तिथल्या तिथे बाहेर खेळायला पिटाळलं असावं.

कागदोपत्री पाहिलं तर चिरंजीवांचंच खरं होतं. १.२ आलं मार्च २०१२ मध्ये, जंगल आणि रानमांजरं घेऊन. १.२० आलं जून २०२३ मध्ये, उंट घेऊन. म्हणजे ज्या शून्याला किंमत नाही, त्यात अकरा वर्षं आणि एक उंट मावला होता. भाचाही तसा वेडा नव्हता. १.९ मध्ये मारामारीचे नियम बदलले, प्रत्येक वारानंतर क्षणभर थांबणं आलं. ते न पटलेली मंडळी अजून १.८.९ धरून बसली आहेत. सांगलीकर पटकन नवं स्वीकारत नाहीत, हे मी लग्नकार्यांतही पाहिलंय.

घरातला हा तंटा मिटवला अण्णांनी. अण्णा म्हणजे माझे वडील, निवृत्त तलाठी. त्यांनी कधी खेळ पाहिला नव्हता, पण कागदावर १.८.९ आणि १.२० लिहून दाखवल्यावर चष्मा पुसायच्या आत त्यांना उलगडा झाला.

"हा सर्वे नंबर. हा हिस्सा नंबर. हा पोटहिस्सा. एकच्या आठव्या हिश्श्याचा नववा पोटहिस्सा. हिस्सा नवानंतर हिस्सा दहा येणार नाही तर काय? यात गणित कुठून आलं?"

"पण अण्णा, पॉइंट आहे ना मध्ये," ही म्हणाली.

"सूनबाई, सातबाराचा कुणी भागाकार करतं का?"

त्या दिवसापासून अण्णा या खात्याचे तज्ज्ञ झाले. पॅच नोट्स, म्हणजे नव्या आवृत्तीत काय बदललं त्याची यादी, वाचून दाखवल्या की म्हणतात, "फेरफार झालाय, नोंद धरली का बघ." पहिला आकडा बदलला तर जमीनच नवी, दुसरा बदलला तर नवं काही पेरलंय, तिसरा बदलला तर नुसती बांधबंदिस्ती. डोटा नावाच्या खेळात ७.३६सी असा नंबर निघाला, तेव्हा मला वाटलं आता अडकतील. "अ, ब, क पाडलेत. भावाभावांत वाद असणार."

सौभाग्यवतींनी मात्र हार मानली नव्हती. त्यांच्या समाधानासाठी मी एक प्रामाणिक खेळ हुडकून काढला. ड्वार्फ फोर्ट्रेस. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स हे दोघे भाऊ २००२ पासून तो रचतायत. खेळ पुरा व्हायला काय काय हवं याची त्यांनी शंभर कलमांची यादी केली आणि जेवढी कलमं उरकली तेवढाच आकडा लावला. २००६ मध्ये लोकांपुढे ठेवला तेव्हा ०.२१, २०२० मध्ये ०.४७. चौदा वर्षांत सव्वीस कलमं! आमच्या सोसायटीच्या लिफ्टचं काम याहून मंद चाललंय, पण तिथे आकडा कुणी लावत नाही.

"ह्याला म्हणतात दशांश," ही म्हणाली. तेवढ्यात चिरंजीवांनी बातमी दिली की डिसेंबर २०२२ मध्ये तोच खेळ स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात विकायला आला तो ५०.०१ होऊन. पुढचं शून्य गायब. पुढच्या शून्यालाही किंमत नसते का, असं त्याने अगदी साळसूदपणे विचारलं आणि त्या रात्री त्याला अपूर्णांकांचे दोन उदाहरणसंग्रह सोडवावे लागले.

बाकी नमुने काय सांगावेत! टेरारिया नावाच्या खेळवाल्यांनी मे २०२० मध्ये १.४ काढलं, नाव ठेवलं ‘प्रवासाचा शेवट’ अशा अर्थाचं, आणि त्यानंतर १.४.१ पासून पुढे चालतच राहिले. पबजी मोबाइलचं तर नशीबच फुटकं. वर्षानुवर्षं शून्य पॉइंट अमुक करत सप्टेंबर २०२० मध्ये एकदाचं १.० यायचं ठरलं, आणि त्याच्या आठवडाभर आधी भारतात बंदी आली.

डिसेंबर २०२५ मध्ये माइनक्राफ्टने जाहीर केलं की यापुढे नंबर वर्षावरून. १.२१.११ नंतर एकदम २६.१. चिरंजीवांनी ही बातमी जेवताना फोडली.

अण्णांचा घास हातात राहिला. "एकत्रीकरण झालं! आमच्याकडेही सर्वे नंबर मोडून गट नंबर पाडले होते. जुन्या-नव्याचा तक्ता जपून ठेव रे, नाहीतर जन्मभर कोर्टात जाशील."

"ते राहू दे," सौभाग्यवती म्हणाल्या, "एकानंतर सव्वीस? दोन ते पंचवीस गेले कुठे?"

अण्णांनी ताक ओतून घेतलं. "लागले असतील दुसऱ्याच्या नावावर."