करवंटीच्या वाट्यांविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सस्नेह नमस्कार.

आमच्याकडून घेतलेल्या करवंटीच्या चार वाट्यांपैकी दोन वाट्यांना पुण्याच्या थंडीत आतून पांढरी बुरशी धरली, रात्रभर सिंकमध्ये भिजवून सकाळी गॅलरीत उन्हात ठेवलेल्या एका वाटीला काठापासून चीर गेली, सोलकढीचा डाग निघत नाही आणि एवढी किंमत घेऊनही आम्ही साधे व्हार्निश लावलेले नाही, असे आपण लिहिले आहे.

पांढऱ्या थराबद्दल आधी सांगतो, कारण माझ्या मते ती बुरशी नसावी. प्रत्येक वाटीला आम्ही खोबरेल तेल चोळून मुरवतो आणि खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजू लागते. आमच्या कुडाळच्या हवेत हे फारसे जाणवत नाही, पण पुण्यात डिसेंबरच्या सकाळी वाटीवरचे तेल पांढरे दिसणे स्वाभाविक आहे. त्या थरावर बोट थोडा वेळ दाबून धरावे. उबेने तो विरघळला तर ते तेलच आहे. तो भुकटीसारखा सुटला किंवा कुबट वास आला, तर मात्र ती बुरशी आहे असे समजून वाटी व्हिनेगर घातलेल्या कोमट पाण्याने धुवावी, सावलीत पूर्ण वाळवावी, आतून बारीक पॉलिश पेपर फिरवून पुसून घ्यावी आणि पुन्हा तेल लावावे. ओल्या वाट्या एकात एक घालून बंद कपाटात ठेवू नयेत, विशेषतः पावसाळ्यात.

चिरेचे कारण आपल्याच वर्णनात आहे. करवंटी लाकडासारखीच पाणी शोषून किंचित फुगते आणि वाळताना आकसते. रात्रभर भिजून फुगलेली वाटी कडक उन्हात एका बाजूने झपाट्याने आकसली की तो ताण बहुधा काठाशीच फुटतो. म्हणून ती वापरल्याबरोबर सौम्य साबणाने धुऊन लगेच पुसावी आणि वाऱ्यावर उपडी ठेवावी. मायक्रोवेव्ह, डिशवॉशर आणि उकळते पेय तिला सोसत नाही. चीर गेलेल्या वाटीतून आता काही पिऊ नये, कारण फटीत अडकलेला अंश घासणीने निघत नाही. सुकामेवा ठेवायला ती चालेल. नारळाच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, कोंब तिथूनच फुटतो आणि पाणीही तिथूनच झिरपते, म्हणून डोळ्यांकडचा अर्धा भाग आम्ही पेयाच्या वाट्यांसाठी मुळीच घेत नाही.

आमसुलाचा रंग करवंटीत मुरतो. तो अस्वच्छपणा नाही.

व्हार्निशबाबत मात्र मी आपल्याशी सहमत होऊ शकत नाही. ज्या भांड्याला ओठ लागतात, ज्यात आंबट पेय असते आणि जे रोज घासले जाते, त्यावरचा लेप कधी ना कधी टवका होऊन उडतो. मग पाणी त्याखाली शिरते, तिथले नीट वाळत नाही आणि वरून तेलही मुरवता येत नाही. कोकणातल्या घरांत करवंटीचे डवले, म्हणजे पळ्या, असल्या लेपाशिवायच वापरले गेले आहेत, आणि वाट्यांनाही महिन्यातून एकदा चमचाभर तेल पुरते.

फुटलेल्या वाटीच्या जागी दुसरी हवी असल्यास आम्ही केवळ टपालखर्च घेऊन पाठवू. दोन नारळ सारख्या आकाराचे नसतात, तेव्हा उरलेल्या तीन वाट्यांच्या तोंडाचा व्यास कळवावा, म्हणजे त्यांना जुळणारी निवडता येईल.