डबल काच लावूनही गार वारा आणि आवाज येतोय, या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई, तुमचा रिव्ह्यू वाचला. जुन्या घराला आमच्याकडून डबल काच बसवून घेतली, एवढा खर्च झाला आणि तरी खिडकीशी बसलं की गार वारा लागतो, रस्त्याचा आवाज होता तेवढाच आहे, वर सकाळी काचेवर पाणी, म्हणजे पैसे वायाच गेले, जुन्या घरात डबल काच लावूच नये असं तुम्ही लिहिलंय. तुमचा राग बरोबर आहे.

चूक आमची आहे. आमचा माणूस काचेचं माप घेऊन आला पण चौकट आणि भिंत यांच्यामधली फट त्याने बघितलीच नाही. जुनं लाकूड वर्षानुवर्षं फुगतं, आक्रसतं, चौकट काटकोनात राहत नाही. तुम्ही टाकलेल्या फोटोत हॉलच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिल सहज जाईल एवढी फट दिसतेय, वारा तिथूनच येतोय आणि आवाजही तिथूनच, मग काच कितीही भारी लावा. आधी फटी बुजवा, झडपांना रबर लावा, काचेचं नंतर बघू, हे आम्ही सांगायला हवं होतं, नाही सांगितलं.

आवाजाचं अजून एक म्हणजे तुम्हाला दोन्ही काचा 4 मिमीच्या दिल्या, मध्ये 12 मिमी गॅप. उष्णता अडवायला हे चांगलं आहे, एका काचेतून जाते त्याच्या साधारण निम्मीच जाते. पण दोन्ही काचा सारख्या जाडीच्या असल्या की ठराविक आवाजाला दोन्ही एकदमच थरथरतात, तिथे एक 6 ची एक 4 ची किंवा लॅमिनेटेड (मध्ये प्लास्टिकचा पातळ थर घालून चिकटवलेली) काच लागते. आणि मुख्य त्रास आवाजाचाच असेल तर जुनी खिडकी आहे तशी ठेवून आतून 10 सेंमी अंतरावर दुसरी खिडकी बसवणं जास्त कामाचं, लाकडालाही धक्का लागत नाही.

पाण्याचं, जरा बोट फिरवून बघा. खोलीच्या बाजूने पुसलं गेलं तर तो घरातला दमटपणा आहे, थोडी हवा खेळती ठेवली की कमी होईल. आतून किंवा बाहेरून कुठूनच पुसलं जात नसेल तर पाणी दोन काचांच्या मध्ये आहे, म्हणजे काचांच्या कडेचं सील गेलंय, तो पीस आम्ही बदलून देणार.

पण जुन्या घरात डबल काच लावूच नये हे मात्र मला पटत नाही, चौकट घट्ट असेल तर फरक नक्की पडतो. फटी बुजवायला आणि रबर लावायला मी स्वतः येतो, त्याचे पैसे घेणार नाही. तोवर वारा असेल तेव्हा टिश्यू पेपरची पट्टी चौकटीच्या कडेने फिरवा आणि जिथे हलेल तिथे खडूने खूण करून ठेवा, तिथूनच काम सुरू करू.