बावीस रुपयांचा कांदा

कार्यालयाच्या उपाहारगृहासाठी कोणती भाजी कोणाकडून घेतल्यास स्वस्त पडेल, एवढे सांगणारी यादी साहेबांनी मागितली, तेव्हा ‘पाच मिनिटांत देतो’ असे मी चारचौघांत बोलून बसलो. माहिती साठवणाऱ्या आमच्या मायएसक्यूएल डेटाबेसमधल्या टेबलात कॉलम तीनच होते: भाजी, पुरवठादार आणि दर. मी भाजीवर ग्रुप बाय लावले, म्हणजे एकेका भाजीच्या ओळींचा एकेक गट केला, दराला मिनमध्ये, म्हणजे किमान आकडा काढणाऱ्या फंक्शनमध्ये, घातले आणि पुरवठादाराला कसलेही काम न देता शेजारी नुसते बसवून ठेवले.

मायएसक्यूएलच्या ५.७ पासूनच्या आवृत्त्या त्यांच्या मूळ सेटिंगमध्ये अशी क्वेरी, म्हणजे माहिती मागणारी आज्ञा, चालवायलाच नकार देतात. आमची आवृत्ती मात्र त्याआधीची आणि स्वभावाने भिडस्त होती. तिने कांद्याचा सर्वांत कमी दर २२ रुपये हा अगदी बिनचूक काढला आणि त्याच्यापुढे कांदेवाल्यांपैकी जे नाव हाती लागले ते लिहून टाकले. साहेबांनी त्या गृहस्थांना फोन करून दोन पोती सांगितली. ‘बावीसला पात घेऊन जा, साहेब, कांदा विसरा,’ असे उत्तर आले आणि साहेबांनी फोन न ठेवताच माझ्याकडे पाहिले.

मग मी उपक्वेरीत, म्हणजे क्वेरीच्या पोटातल्या क्वेरीत, किमान दर काढून तो मूळ टेबलाशी जोडला. पण जोडताना फक्त दर जुळवला, भाजी जुळवायची राहिली. त्यामुळे २२ रुपयांनी कोबी विकणारा एक निरुपद्रवी मनुष्य कांद्याच्या यादीत शिरला. ते निस्तरले, तर मेथी फुकट निघाली, कारण ज्याच्याकडे मेथीच नव्हती त्याच्या रकान्यात कोणीतरी शून्य भरले होते. तो रकाना नल, म्हणजे रिकामा, ठेवला असता, तर मिनने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते.

शेवटी टोमॅटो दोनदा आला. दोघांचाही दर ३० रुपये असल्याने क्वेरीची काहीच चूक नव्हती, परंतु ‘मला एकच नाव हवे’ हा साहेबांचा हट्ट होता. त्यासाठी टेबल ८.० आवृत्तीवर हलवून, प्रत्येक भाजीची पार्टिशन, म्हणजे वेगळा गट, पाडून दराच्या चढत्या क्रमाने ओळींना रो नंबर, म्हणजे क्रमांक, दिले आणि बाहेरच्या क्वेरीत पहिला क्रमांक तेवढा उचलला. दर सारखा असेल तर नावाच्या अकारविल्हे क्रमाने निवड व्हावी, अशी निःपक्षपाती तरतूदही केली आणि ती दोन्ही टोमॅटोवाल्यांना समजावून सांगितली.

पुढच्या सोमवारी हरलेल्या टोमॅटोवाल्याचे नवे दरपत्रक आले. दर तेच होते. दुकानाच्या नावाआधी मात्र एक ‘अ’ आला होता.