अनामिक यांस: एसी, चाळ आणि डेंग्यूचा डास

अनामिक महोदय,

'शाळकरी मुलं आणि डेंग्यू' या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मिळाली. मुद्दे चार होते, पण पहिलंच वाक्य असं: "एसीत बसून टॉवरच्या पोरांचा कळवळा दाखवणं सोपं आहे, चाळीत आठ दिवस काढून बघा." बाकीचं नंतर वाचलं. आधी चहा केला.

चाळीत आठ दिवस? मी परळच्या चाळीत १९ वर्षं काढली आहेत. पहाटे पाणी आलं की पिंप भरायचं, हंडे भरायचे, मग शाळा. सातवीत मलेरिया झाला. दिवसाआड थंडी भरायची. आई दोन गोधड्या घालून वर स्वतः रेलून बसायची, तरी दात वाजायचे थांबत नसत. क्लोरोक्विनची गोळी केळ्यात लपवून दिली तरी शेवटी कडू लागायचीच. सहल हुकली ती वेगळीच. तेव्हा चाळ मला शिकवू नका. तुम्ही स्वतः कुठे राहता ते मात्र प्रतिक्रियेत नाही. नावही नाही.

आता एसी. आहे, नाही कशाला म्हणू? पण डेंग्यू पसरवणारा एडिस डास रेशनकार्डाचा रंग बघून चावत नाही, एवढंच मी लिहिलं होतं. त्याला साचलेलं, स्वच्छसं पाणी लागतं. चाळीत ते उघड्या पिंपात आणि ताडपत्रीच्या खळग्यात मिळतं. आमच्या सोसायटीत कुंडीखालच्या ताटलीत, मनी प्लांटच्या बाटलीत, लिफ्टच्या खड्ड्यात. महापालिकेच्या माणसाने आमच्या फ्रिजमागचा ट्रे ओढून पाणी पांढऱ्या वाटीत ओतलं आणि मोबाइलच्या उजेडात दाखवलं: स्वल्पविरामासारख्या अळ्या वळवळत होत्या. आठवड्याभरात त्यांचे डास झाले असते. हेही त्या लेखात होतं. तुम्ही तिथवर पोचला नसाल.

आणि हे काही मी शोधलेलं नाही. १९११ साली मलेरियाचे अभ्यासक डॉ. बेंटलींनी मुंबईतल्या मलेरियावर अहवाल दिला, त्यात डासांची पैदास होते म्हणून बोट विहिरींकडे होतं. विहिरी काय फक्त गरिबांच्या अंगणात होत्या?

एक चूक मान्य. 'डेंग्यू-मलेरियाचा डास' असं मी एका दमात लिहून गेले. मलेरियाचा ॲनाफिलीस रात्रीचा, डेंग्यूचा एडिस दिवसाचा. सकाळी आणि सूर्यास्ताआधी त्याचा जोर, म्हणजे नेमकी शाळेची वेळ, आणि मुलं हाफ पँटमध्ये. दुरुस्ती केली आहे. आभार.

'पाणीच दिवसाआड येतं, मग लोक पिंपं भरणार नाहीत तर काय', हा तुमचा मुद्दा पाणीपुरवठ्याचा आहे. माझा लेख शाळेवर होता. तुमचे राहिलेले मुद्दे, धूरफवारणी आणि पूर्ण बाह्यांच्या गणवेशाचा खर्च, यांबद्दल कधीतरी सवडीने.

आणि तो कळवळा. महापालिकेचा माणूस आमच्याकडे का आला होता, हे मी लेखात लिहिलं नव्हतं. मुलीचा डेंग्यूचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता. प्लेटलेट्स ४० हजारांवर उतरल्या त्या रात्री मी तिच्या उशाशी बसले होते. एसी बंद होता. तिला थंडी वाजत होती.