शेळी, झोळी आणि डीएम

"काका, मी शेळी झोळीत टाकते."

शनिवारची रात्र, पावणेबारा. जेवणाच्या टेबलावर आमटीच्या डागाला चुकवून नकाशा अंथरलेला. गॅसवर दूध ठेवते म्हणावं इतक्या सहजपणे पुतणीने हे सांगितलं आणि चिवड्यातले शेंगदाणे वेचायला लागली. बाकीच्या तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकाकडे पाहिलं. पुस्तकाने नेहमीप्रमाणे काही सांगितलं नाही.

डंजन्स अँड ड्रॅगन्स ज्यांनी खेळलेलं नाही त्यांना एवढंच सांगतो, की यात जिंकणं-हरणं नसतं. चार जण चार पात्रं घेतात. पाचवा असतो डंजन मास्टर, म्हणजे डीएम. उरलेलं सगळं जग तो असतो: राक्षस, राजा, दुकानदार, पाऊस. कुणी म्हणालं "मी दार फोडतो", की वीस तोंडांचा फासा टाकायचा, आणि दार फुटलं की खांदा, ते डीएमने सांगायचं. गेली तीन वर्षं आमच्या घरी डीएम मी आहे. मानधन नाही, वर चहा-चिवडा माझा.

आम्ही खेळतो ती 2014 ची आवृत्ती. तीन जाडजूड पुस्तकं, मिळून जवळपास हजार पानं. विकत घेताना वाटलं होतं, आता कुणी काहीही विचारो, पान काढून दाखवीन. आणि खरंच, काय काय म्हणून नाही त्यात! आगीचा गोळा फेकायला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागतं. तो दीडशे फुटांपर्यंत जातो, फुटला की वीस फूट त्रिज्येत जाळतो. उंचावरून पडलात तर दर दहा फुटांना एका फाशाएवढा मार, पण वीस फाशांच्या वर नाही. म्हणजे दोनशे फुटांवरून पडा नाहीतर ढगातून, हाडं तेवढीच मोडणार. तागाची दोरी हिसका देऊन तोडायची असेल तर आकडा 17. हे सगळं चोख. पण खरोखर अडलंय, चार माणसं तोंडाकडे बघतायत, अशा वेळी पुस्तक उघडावं, तर नेमकं त्या जागी एकच उत्तर: ते डीएमने ठरवावं. कचेरीत "साहेबांना विचारा" म्हणतात, तसंच. फक्त इथे साहेबही मीच.

दोष तरी कुणाला द्यायचा, हे जन्मजात आहे. 1974 साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा नावाच्या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ पहिल्यांदा बाहेर पडला. हजार प्रती, एका खोक्यात तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर. आणि सोबत लागणाऱ्या सामानाच्या यादीत काय, तर लढाईसाठी आणखी एक नियमपुस्तक, आणि रानावनातल्या प्रवासासाठी चक्क दुसऱ्याच कंपनीच्या खेळाचा पट. म्हणजे भेळेची गाडी लावायची आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, शेव तेवढी शेजारून आणा.

तर शेळी.

ती आमच्यात आली ड्रॅगनला आमिष म्हणून. बाजारात गेल्यावर मी भावांचा तक्ता वाचून दाखवला आणि तिथेच चुकलो, कारण माझा मेहुणा सीए आहे. तक्त्यात एक शेळी एका सोन्याच्या नाण्याला, आणि त्याच ओळीत पाऊंडभर आलंही एका सोन्याच्या नाण्याला.

"दाजी, अर्धा किलो आलं म्हणजे एक शेळी?"

"साधारण."

"आणि कोंबडी दोन तांब्याची नाणी. म्हणजे एका शेळीत पन्नास कोंबड्या." त्याने फोनवर कॅल्क्युलेटर उघडला. "मिरी दोन सोन्याची. दाजी, ड्रॅगन मरू दे, आपण किराणा टाकू."

हा माणूस नवखा असताना कुठून तरी 2003 च्या जुन्या आवृत्तीचा तक्ता शोधून आला होता. त्यात दहा फुटी शिडी पाच तांब्याच्या नाण्यांना आणि दहा फुटी नुसता दांडा वीस नाण्यांना. शिडी घ्यायची, पायऱ्या उपटायच्या, दोन दांडे विकायचे. आमच्या आवृत्तीत हे भोक बुजवलंय: शिडी दहा, दांडा पाच. पण याचं समाधान नाही. "दोन दांड्यांचे दहा झाले. पायऱ्या आणि सुताराची मजुरी कोण देतंय?" या प्रश्नावर आमचे दोन शनिवार गेलेत.

शेळी पुस्तकात आहे, बरं का. प्राण्यांच्या यादीत रीतसर: ताकद 12, बुद्धी 2, हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, 4. साध्या गावकऱ्याचेही चारच, त्यामुळे शेळी आणि गावकरी यांची कुस्ती लागली तर पैज कुणावर लावायची हे मी सांगू शकत नाही. सगळं आहे. वजन नाही.

आणि वजन तर हवं होतं. कारण झोळी, म्हणजे बॅग ऑफ होल्डिंग, ही जादूची पिशवी आतून प्रचंड असली तरी तिला मर्यादा आहे: पाचशे पाऊंड, चौसष्ट घनफूट. त्यापेक्षा जास्त कोंबलं तर फाटते. आधीच आत तलवारी, तंबू आणि कुणाची तरी सिंहासनाची खुर्ची होती.

"शेळीचं वजन किती धरायचं?" मी सगळ्यांना विचारलं.

"आपल्याकडची असेल तर तीस-पस्तीस किलो," टीव्हीसमोरून आई म्हणाली. आई तुळजापूरकडची. लहानपण उस्मानाबादी शेळ्यांमागे गेलेलं. "बोकड असेल तर थोडं जास्त धर."

धरलं. वजन बसलं. मी हुश्श म्हणणार तोच वकील उठला. माझा हा शाळेपासूनचा मित्र खेळात पॅलाडिन असतो, म्हणजे सत्याची शपथ घेतलेला योद्धा. दिवसभर कोर्टात जे करता येत नाही ते शनिवारी करतो म्हणतो.

"झोळीचं तोंड किती?"

"दोन फूट व्यास."

"शेळी मध्यम आकाराचा प्राणी. मध्यम प्राण्याला जागा पाच बाय पाच फूट. अंग चोरून घुसायचं तर एक माप लहान प्राण्याला पुरेल एवढी जागा हवी. आणि लहान प्राण्याला जागा किती?"

मी पान काढलं. लहान प्राण्यालाही पाच बाय पाच फूट.

"सबब, शेळी झोळीत जात नाही," वकील म्हणाला. "या हिशेबाने तुझ्या बाथरूमच्या दारातून तूही जात नाहीस, पण तो वेगळा दावा."

शेळीची तयारी नसेल तर तिला कोंबता येतं का, याविषयीही पुस्तक गप्प. मी ठरवलं. डीएमने ठरवावं म्हणतात ना, ठरवलं: फासा टाक, दहाच्या वर आला तर शेळी आत. पुतणीला चौदा पडले. शेळी गेली.

आत गेलेल्या प्राण्याला श्वास पुरतो दहा मिनिटं, भागिले आत जितके जीव असतील तितके. हे मात्र स्पष्ट दिलंय. कुणीतरी बसून हा भागाकार केला, पण तोंडातून आत कसं जायचं ते लिहिलं नाही, याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं. असो. पुढे वेशीवर पहारेकऱ्यांशी लढाई जुंपली. चार राउंड झाले. एक राउंड सहा सेकंदांचा, म्हणजे एकूण चोवीस सेकंद. घड्याळात एक वाजून गेला होता.

"शेळी!" पुतणी किंचाळली.

"चोवीसच सेकंद झालेत," वकील म्हणाला. "पक्षकार जिवंत आहे."

शेळी बाहेर काढली. आणि इथे, वाचकहो, मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. नुसतं "शेळी बाहेर आली" म्हटलं असतं तर सगळे दोन वाजता झोपलो असतो. पण डीएमला वर्णनाची खाज असते. मी म्हणालो, "शेळी काहीतरी चघळत बाहेर येते."

टेबलावर शांतता.

"काय चघळत?" मेहुण्याने विचारलं. त्याचा फायरबॉलचा, म्हणजे त्या आगीच्या गोळ्याचा, स्क्रोल झोळीत होता; स्क्रोल म्हणजे जादू लिहिलेला कागद. त्याच्याकडची एकुलती एक भारी जादू.

मी काहीच बोललो नाही. बोलण्याची गरजही नव्हती.

"हरकत आहे," वकील म्हणाला आणि प्राण्यांच्या यादीचं पान माझ्यासमोर सरकवलं. "शेळीचे हल्ले वाच."

वाचले. एकच होता, ढुशी. चावा नाहीच. या हजार पानांच्या हिशेबाने शेळीला दात नाहीत. ती स्क्रोलला ढुशी मारू शकते; कागदाचा बचाव 11, तिला ढुशीला 3 ची भर, म्हणजे फाशावर आठ आले की लागली. खाऊ मात्र शकत नाही.

"अहो, शेळी काय खात नाही?" आई टीव्ही बंद करून आली. "आमच्या तात्यांचा सातबारा खाल्ला होता."

यावर बायकोने उपाय काढला. खेळात ती ड्रुइड, म्हणजे रानावनाची जादूगार आहे, तिला प्राण्यांशी बोलण्याची जादू येते. "मी शेळीलाच विचारते," ती म्हणाली. "शेळीताई, तुम्ही तो कागद खाल्लात का?"

चौघं माझ्याकडे बघायला लागले. लक्षात घ्या, शेळी मीच. रात्रीचा दीड, उद्या सकाळी दूधवाला, आणि बुद्धी 2 असलेल्या शेळीने साक्षीत काय सांगावं हे मला ठरवायचं होतं. हो म्हणावं तर मेहुणा उठून जाणार, नाही म्हणावं तर स्क्रोल कुठे ते दाखवावं लागणार. मी मान तिरकी केली आणि शेळीच्या आवाजात विचारलं, "अजून आहे का?"

मेहुण्याने कपाळाला हात लावला. पोटात गेलेला फायरबॉल फुटणार का, हा पुढचा प्रश्न पुतणीच्या ओठांवर होता. पुस्तकात लिहिलंय, की स्क्रोल वाचून जादू केली की अक्षरं पुसट होतात आणि कागदाचा भुगा होतो. चावून भुगा झाला तर काय, ते नाही. मी घाईघाईने म्हणणारच होतो, की फुटत नाही, चला, झोपा.

तेवढ्यात आईने विचारलं, "गाभण आहे का रे ती?"

"अं?"

"गाभण शेळीला असं पिशवीत कोंबतात होय? आणि उस्मानाबादीला बहुतेकदा जुळं असतं."

मेहुण्याचा कॅल्क्युलेटर पुन्हा बाहेर आला. "म्हणजे जीव तीन. दहा भागिले तीन, तीन मिनिटं वीस सेकंद. राउंडमध्ये तेहेतीस आणि एक तृतीयांश."

"पोटातलं पिल्लू श्वास घेत नाही," वकील म्हणाला.

"मग दहा मिनिटं कशी धरलीस? आईचा श्वास वाटला जातोच ना!"

आत एकूण चोवीस सेकंद गेले होते, या वादाशी कुणाचं काहीही देणंघेणं नव्हतं, हे मी दोनदा सांगितलं. तरी अर्धा तास चालला. शेवटी पुस्तक मिटलं, फासा उचलला आणि जाहीर केलं: सम आला तर गाभण, विषम आला तर नाही, आणि यापुढे अपील नाही.

वीस पडला.

पुढच्या शनिवारी खेळ सुरू व्हायच्या आधीच आई खुर्ची ओढून टेबलाशी बसली होती. ड्रॅगनकडे जायचं कुणाच्याच मनात नव्हतं. कथेत पाच महिने उलटल्याचं मला परस्पर कळवण्यात आलं, शेळी व्यायली, आईने सांगितलं तसं जुळंच झालं, आणि पुतणीने एका करडाचं नाव फायरबॉल ठेवलं.

"काका, फायरबॉलचे हिट पॉइंट किती?"

मी यादी उघडली. शेळी आहे. महाकाय शेळीही आहे. करडू नाही.