मुलाच्या अटकेची नोंद होऊ द्या

आंदोलनात भाग घेतलेल्या मुलाला पोलिसांनी उचलून नेले की सांगली-सातारा भागातील पालक वकिलाला पहिली विनंती करतात ती अशी : "साहेब, काहीही करा, पण केस होऊ देऊ नका." या विनंतीमागची भीती मला पूर्ण समजते. आपल्याकडे घराघरांत कोणी पोलीस भरतीची तयारी करते आहे, कोणी सैन्यात जाण्यासाठी पहाटे रस्त्यावर धावते आहे, कोणी अभ्यासिकेत एमपीएससीची पुस्तके घेऊन बसले आहे, आणि या सगळ्यांना पुढे चारित्र्य पडताळणीला सामोरे जायचे असते. तरीही सांगलीच्या न्यायालयात इतकी वर्षे वकिली केल्यावर मी ठामपणे सांगतो की, मुलाला ताब्यात घेतल्याची नोंद टाळली जाते तेव्हा ती सवलत मुलाला मिळत नाही. त्याच्यावर हात उचलणाऱ्याला मिळते.

अटक केलेल्या व्यक्तीला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले पाहिजे, तिला अटकेची कारणे सांगितली पाहिजेत आणि वकिलाशी बोलू दिले पाहिजे, असे संविधानाचे 22 वे कलम सांगते. प्रत्यक्षात हे चोवीस तास मोजले जातात ते स्टेशन डायरीत लिहिलेल्या वेळेपासून. मुलाला काल संध्याकाळी वसतिगृहातून आणले आणि अटक आज दुपारी दाखवली, तर मधली सगळी रात्र कागदोपत्री घडलेलीच नसते. "फक्त चौकशीला बोलावले आहे" या शब्दांत ती रात्र मावते. साक्षीदार म्हणून बोलवायचे असले तरी लेखी आदेश लागतो, संशयित म्हणून बोलवायचे असले तरी लेखी नोटीस लागते. तोंडी बोलावून रात्रभर बसवून ठेवण्याची मुभा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे अटक आणि तपासाची पद्धत ठरवणाऱ्या कायद्यात, कुठेही नाही.

काही वर्षांपूर्वी थकलेल्या शिष्यवृत्तीसाठी निघालेल्या मोर्चात पुढे असलेल्या एका विद्यार्थ्याला जिल्ह्यातल्या एका ठाण्यात असेच नेण्यात आले. सकाळी मी पोहोचलो तेव्हा तो बाहेरच्या बाकावर बसला होता आणि बूट त्याच्या हातात होते, कारण सुजलेले तळपाय त्यांत जात नव्हते. उठून चालताना तो पायाच्या बाहेरच्या कडेवर भार देत होता. डायरीत त्याचे नाव नव्हते. समज देऊन सोडले, एवढेच मला सांगण्यात आले. सरकारी रुग्णालयात जाऊन जखमांची वैद्यकीय नोंद करून घेऊ, असे मी परोपरीने सांगितले. त्याच्या वडिलांनी सर्वांदेखत माझे पाय धरले आणि मुलाला मोटारसायकलवर बसवून गावी नेले. त्या माणसाला मी दोष देत नाही. पण पट्ट्याने मारणाऱ्यांपैकी कोणाला साधे स्पष्टीकरणही द्यावे लागले नाही, आणि शिष्यवृत्तीविषयी तो मुलगा पुन्हा कधी बोलला नाही. मारहाण कशासाठी होते, याचे याहून स्पष्ट उत्तर मला ठाऊक नाही.

नोंद झाली म्हणजे मारहाण थांबते, असा माझा दावा नाही. डिसेंबर 2024 मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर उसळलेल्या आंदोलनात पकडलेल्या सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. दंडाधिकाऱ्यांनी विचारले तेव्हा त्याने मारहाणीची तक्रार केली नव्हती, असे विधानसभेत सांगण्यात आले. फौजदारी न्यायालयात रोज उभ्या राहणाऱ्या कोणालाही या उत्तराची किंमत कळते. ज्यांनी रात्री मारले तेच शेजारी उभे असतात आणि कोठडी वाढली तर त्यांच्याच गाडीतून परत जायचे असते, अशा वेळी "काही तक्रार आहे का?" या प्रश्नाला विशी-तिशीतला मुलगा दुसरे काय सांगणार? मात्र तिथे शवविच्छेदन झाले होते आणि प्राथमिक मतात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण लिहिले गेले होते. त्याच्या आईने न्यायालयात धाव घेतली, जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याविरुद्धचे राज्य सरकारचे अपील सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात फेटाळले. कागद नसता तर ही माऊली कशाच्या आधारावर लढली असती?

आणीबाणीत, 1 मार्च 1976 रोजी, केरळमधील कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पी. राजन या विद्यार्थ्याला पोलिसांनी नेले आणि कक्कयमच्या छावणीत छळून मारले. वडिलांनी 1977 मध्ये हेबियस कॉर्पसची, म्हणजे मुलाला न्यायालयापुढे हजर करा अशी, याचिका केली तेव्हा त्याला अटकच केली नव्हती, अशी भूमिका सरकारने घेतली. पुढे ते खोटे ठरले आणि के. करुणाकरन यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. मुलाचा देह मात्र आईवडिलांना कधीच मिळाला नाही. हे दूर केरळात घडले असे म्हणण्याची सोयही आपल्याला राहिलेली नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्याच्या कोठडीत मेलेला तरुण पळून गेला असे सांगितले गेले आणि त्याचा मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याचे उघड झाले. तो आंदोलक नव्हता, त्याच्यावर लुटीचा संशय होता; पण कोठडीच्या भिंतीला हा फरक कळत नाही.

पोलिसांवर वरून दबाव असतो, मंत्र्यांचा दौरा असला की चार पोरे सकाळीच आत घ्यावी लागतात, हे मला माहीत आहे. दगडफेक झाली असेल तर गुन्हा जरूर नोंदवावा. मुद्दा इतकाच की, जे करायचे ते लिहून करावे. कोठडीतील छळाविषयीच्या डी. के. बसू प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा 1996 चा निकाल हेच सांगतो : अटकेचा मेमो, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला खबर, अंगावरच्या जखमांची नोंद, दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997 मध्ये सही केली, पण त्याला मान्यता अजून दिलेली नाही. छळ रोखण्यासाठीचे 2010 चे विधेयक लोकसभेत मंजूर होऊनही कायदा झाला नाही. त्यामुळे आपल्या हातात आहे तो हा निकालच.

राहिली चारित्र्य पडताळणीची भीती. तरुण वयात घोषणा दिल्यासारखे क्षुल्लक प्रकरण उमेदवाराने सांगितले नसले तरी नोकरी देणारा स्वतःच्या विवेकाने त्याकडे दुर्लक्ष करू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग प्रकरणात म्हटले आहे. सामाजिक आंदोलनांतील खटले मागे घेण्याचे निर्णयही शासन वेळोवेळी घेते. गुन्ह्याच्या नोंदीतून वाट निघते; रात्रभर मार खाऊन गप्प झालेल्या मुलासाठी कोणत्याही कार्यालयात अर्ज करता येत नाही.

म्हणून पालकांनी ठाण्यात एकटे जाऊ नये, प्राध्यापकांनी सोबत जावे आणि मुलाला किती वाजता आणले ते लेखी मागावे. ठाण्यातील सीसीटीव्हीचे चित्रण अठरा महिने जपण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2020 चा आदेश आहे. ते जपून ठेवा असा अर्ज त्याच दिवशी देऊन पोच घ्यावी. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तो मोफत देते, अटक दाखवण्यापूर्वीही. त्यांचा क्रमांक 15100 आहे.